ठसे परवा परत

१

मधली फळी रिकामी होती.

रविवारी सकाळी अण्णांनी कपाट उघडलं आणि त्या फळीवर हात फिरवला. डोळे चुकले असतील तर हात तरी दुरुस्त करतील, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. हाताला नुसती धूळ लागली. धुळीत मधोमध एक स्वच्छ चौकोन होता, पेटीएवढा.

अण्णा पुस्तकं बांधायचे. पहिल्या मजल्यावर पुढच्या खोलीत बाइंडिंगचं काम आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. त्या पेटीत दोनशे पितळी ठसे होते. ते तापवून सोनेरी कागदावर दाबले की पुस्तकाच्या पाठीवर नाव झळकायचं. अण्णांच्या वडिलांनी ते एकेक करून घडवून घेतले होते, आणि तसे ठसे घडवणारा माणूस आता औषधालाही मिळत नव्हता. बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून अण्णा आठ दिवस तिच्याकडे गेले होते. घरी होती सून, आणि सकाळी ऑफिसात जाऊन संध्याकाळी येणारा मुलगा.

"सूनबाई! ठसे कुठायत?"

"खालचे फ्रेमवाले घेऊन गेलेत, अण्णा. सोमवारी. दोन दिवसांसाठी म्हणाले. चिठ्ठी दिलीय त्यांनी." तिनं ती काढून दिली. बोटभर कागद, त्यावर तीन शब्द आणि सही. *ठसे परवा परत.* तारीख नव्हती.

अण्णा चिठ्ठी नाचवत गॅलरीत आले आणि ठसे कुठायत म्हणून कठड्यावरून ओरडले. खाली दुकानातून चौकटी बनवणारा बाहेर आला. अख्खी गल्ली त्याला परवाशेठ म्हणायची, कारण काम काहीही असो, त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: परवा घेऊन जा.

"परत करून झाले की, अण्णा!" तो खालूनच म्हणाला. "बुधवारी वर येऊन वहिनींच्या हातात दिले. आणि शुक्रवारी चिठ्ठीही लिहून दिली, तुम्हाला दाखवायला. वाचा ना. ठसे परवा परत. शुक्रवारचा परवा कुठला? बुधवार."

"चिठ्ठी सोमवारची आहे," सून म्हणाली. "बुधवारी परत करीन, असं लिहून दिलंत तुम्ही."

दोन्ही परवा एकाच बुधवारी येऊन भेटत होते. गॅलऱ्या भरल्या. परवाशेठनं मान वर करून समोरच्या इमारतीकडे बघितलं.

"समोरच्या बाईंनाच विचारा. त्या खोटं बोलणार नाहीत."

समोरच्या खिडकीत रसायनबाई उभ्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या. निम्म्या गल्लीची प्रयोगवही त्यांनी लाल शाईनं रंगवली होती, परवाशेठचीसुद्धा.

"बाई, बुधवारी तुम्ही मला पेटी घेऊन जिना चढताना पाहिलंत की नाही?"

पाहिलं होतं. बाई तेव्हा खिडकीत कपडे वाळत घालत होत्या.

"पाहिलं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सुनेचा भाऊ एक जड गोणी घेऊन खाली उतरला होता, हे मग आणखी कुणाला तरी आठवलं. गोणीत काय होतं? सुनेनं हात पाठीमागे नेले. अण्णांचा आवाज साऱ्या गल्लीत घुमला.

"चोर बाहेर कशाला शोधू? चोर मी घरातच पोसलाय!"

मुलानं कुणाकडेच न बघता मेव्हण्याला फोन लावला. उद्या पाच वाजता टेम्पो घेऊन ये, म्हणाला. हिला थोडे दिवस माहेरी राहू दे.

बाईंनी खिडकी लावून घेतली. त्या एकच शब्द बोलल्या होत्या आणि तो खरा होता. तरी कडी लागलीय का, हे त्यांनी दोनदा बघितलं.

२

दुपारी त्यांनी तीनदा चहा ठेवला आणि तीनदा तो प्यायचा राहिला. शेवटी चपला घालून त्या गल्ली ओलांडून गेल्या.

अण्णा कामाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात एक अर्धवट शिवलेलं पुस्तक होतं आणि सुई हातात नव्हती.

"समजूत काढायला आला असाल तर नको, बाई."

"समजूत काढणं मला कधी जमलंच नाही. मी विचारायला आलेय. ती पेटी किती जड होती?"

"हा काय प्रश्न?"

"साधा आहे. उत्तर द्या."

अण्णांनी दोन्ही हात पोटाशी आणले, जणू पेटी उचललीच. "साडेपाच किलो. पितळ आहे ते. रद्दीच्या काट्यावर टाकलं होतं एकदा. मला तर दोन्ही हात लावूनही जिन्यात एकदा टेकावी लागते."

बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "परवाशेठला ठसे कशाला हवे होते?"

"त्याला कशाला नको होते ते विचारा. दोन वर्षं मागे लागला होता, विका म्हणून. मी म्हटलं, वडिलांची बोटं विकू का? तेव्हापासून पुस्तकं चिकटवायच्या माझ्या सरसाचा वास त्याला सहन होत नाही आणि त्याच्या हातोडीनं माझं डोकं उठतं. त्या लबाडाला पेटी दिली कशी हिनं?" आवाज एकदम खाली आला. "मागून घेतली तर शेजारी म्हणून नाही म्हणवलं नसेल, हेही समजतं मला. पण बाई, पेटी परत आली हे तुम्हीच पाहिलंत ना?"

बाई मागच्या खोलीकडे वळल्या.

सून मागच्या खोलीत बॅग भरत होती. एका साडीची घडी करायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी करायची.

"बुधवारी तो वर आला होता?" बाईंनी विचारलं.

"आला होता. दारातूनच विचारलं, अण्णा आले का? मी म्हटलं, रविवारी येतील. झालं, गेला. काखेत काहीतरी होतं, मी बघितलंही नाही नीट."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"गोणीत काय होतं?"

ती पुन्हा साडी उलगडू लागली. बाईंनी पुढे होऊन तिचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. नखांच्या कडांना पिवळट, काचेसारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. तर्जनीवर सुईच्या टोचण्या होत्या, बारीक, ओळीनं.

"हा सरस आहे. अण्णा आठ दिवस घरात नव्हते, पोरी. मग पुस्तकं कोण बांधत होतं?"

तिनं झटकन हात ओढून घेतला आणि दाराकडे बघितलं.

३

"पाच," ती अगदी हळू म्हणाली. "भाच्यांची जुनी पुस्तकं. फाटली होती, म्हणून मागवून घेतली. दोन बरी झाली. तीन अशी वाकडी, की टेबलावर ठेवली की डुलतात. अण्णा येण्याआधी भावाला म्हटलं, घेऊन जा बाबा."

"मग हे बाहेर सांगत का नाहीस? एका वाक्यात सुटशील."

"सुटीन कशी? अण्णा म्हणतात, बाईच्या हाताला दाब नसतो, हत्यारांना हात लावायचा नाही. चार वर्षं मी लांबून बघून शिकतेय. आता सांगितलं तर एक चोरी टळेल आणि दुसरी लागेल." ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "आणि बाई, ठसे कुठे गेले ते तर राहतंच. तुम्ही पेटी पाहिलीत. मी म्हणते, दिली नाही. माझ्या म्हणण्याला तुमच्या डोळ्यांपुढे कोण विचारतं?"

बाई जिना उतरल्या आणि थेट खालच्या दुकानात शिरल्या.

दुकानाच्या भिंती चौकटींनी भरल्या होत्या. लग्नाचे फोटो, कुणाचे आजोबा, एक मोठा आरसा, कशिद्याचा मोर. सगळ्यांना नव्या चौकटी बसल्या होत्या आणि कुणीच घरी गेलं नव्हतं. परवाशेठ एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होता.

"काकू, चिठ्ठी दाखवा, फोटो न्या."

"अरे, हा काय माझाच फोटो! मीच आहे ना त्यात!"

"असाल. पण उद्या दुसरी कुणी येईल आणि म्हणेल, ती मी आहे. चिठ्ठी द्या, वस्तू घ्या. सात वर्षांत या नियमाला अपवाद नाही." त्यानं भिंतीवरच्या लांब तारेकडे बोट दाखवलं. तारेत शेकडो चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. "वस्तू परत गेली की चिठ्ठी इथे. एकही फाडत नाही. कुणी दावा करायचा नाही."

काकू पुटपुटत गेल्या. परवाशेठ बाईंकडे वळला. चेहऱ्यावर विजयी माणसाचा विनय होता.

"बसा, बाई. तुमच्यामुळे अब्रू वाचली."

"अभ्यासात नव्हतास, पण व्यवस्थित झालास हं," बाई म्हणाल्या. "म्हणजे सोमवारी ठसे नेलेस, तेव्हाही चिठ्ठी दिलीच असशील?"

"दिली ना! शेजारी झाले म्हणून काय? नियम तो नियम."

"आणि बुधवारी परत केलेस तेव्हा घेतलीस?"

"घेतली." उत्तर तोंडातून निघालं, मग तो किंचित थबकला. "घेतली की. म्हणून तर शुक्रवारी दुसरी दिली."

"बरोबर." बाईंनी भिंतीवर नजर फिरवली. कोपऱ्यात त्यांच्या शाळेचा निरोपसमारंभाचा फोटो लटकत होता. "माझा फोटो कधी मिळणार?"

"परवा," परवाशेठ म्हणाला.

टेबलावर जाड पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता. एका मोठ्या कंपनीची शंभर मानपत्रं, प्रत्येक चौकटीवर नाव हवं होतं. वरच्या पुठ्ठ्यावर एक नाव आधीच उमटलेलं होतं. सोनेरी.

४

घरी येऊन बाईंनी लहान लाकडी पेटी शोधली, जुन्या बाटल्यांची. रिकामी. ती तळहातावर ठेवून त्या आपल्या इमारतीचा जिना चढल्या. चढता आलं. मग त्यांनी पेटीत साडेपाच किलो भरलं. दोन शब्दकोश, एक इस्त्री, काट्यावर मोजून. आणि पुन्हा जिन्याशी आल्या.

चौथ्या पायरीवर पेटी कलंडली. इस्त्री त्यांच्या पायावर पडता पडता राहिली.

वरची शेजारीण कठड्यावरून वाकली. "काय करताय हो बाई, या वयात?"

"प्रयोग," बाई म्हणाल्या.

बुधवारचं दृश्य त्यांनी डोळे मिटून पुन्हा बघितलं, घाई न करता. परवाशेठ समोरचा उघडा जिना चढतोय. दोन दोन पायऱ्या एका ढांगेत. डाव्या तळहातावर पेटी, हॉटेलातल्या ताटासारखी. उजव्या हातात फोन कानाला. वरच्या वळणावर तो थांबला होता, आणि वळून त्यांच्या खिडकीकडे बघून हसला होता. त्या वेळी त्यांना वाटलं होतं, जुना विद्यार्थी आहे, नमस्कार करतोय. तो उतरताना बघायला त्या खिडकीत थांबल्याच नव्हत्या.

आयुष्यभर त्यांनी वर्गात एकच गोष्ट घोकून घेतली होती. जे दिसतं ते निरीक्षण, त्यावरून जे वाटतं ते अनुमान, दोन रकाने वेगळे ठेवा. आणि रविवारी सकाळी, भर गल्लीसमोर, त्यांनी स्वतः ते दोन्ही एका शब्दात कालवून टाकलं होतं. त्यांनी पेटी पाहिली होती. ठसे पाहिले नव्हते.

एवढ्यानं काय सिद्ध होणार? म्हातारीला आता आठवतंय, म्हणतील. वजन तर डोळ्यांना दिसत नाही, आणि ते सोनेरी नाव मंगळवारीच उमटवलं असं तो म्हणेल.

त्यांनी कपाटातून फोटोची चिठ्ठी काढली. परवाशेठनं पाच महिन्यांपूर्वी दिलेली. बोटभर कागद, तेच वळणदार अक्षर. ती वाचून बाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मग उठल्या आणि सोमवारी सकाळभर त्या गल्लीतल्या दारांवर टकटक करत फिरल्या.

५

पाच वाजता टेम्पो आला. सुनेचा भाऊ खाली उतरला, पण त्याला गाडी लावायला जागा मिळेना. परवाशेठच्या दुकानापुढे पंचवीस माणसं उभी होती.

"एवढी गर्दी?" परवाशेठ हात पुसत बाहेर आला. अण्णा जिन्याच्या तळाशी होते. त्यांच्यामागे मुलगा, आणि बॅग घेऊन सून.

"मला आधी माझी चूक सांगायचीय," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "काल मी म्हटलं, मी पाहिलं. मी पेटी पाहिली. ती यानं एका तळहातावर तोलली होती आणि दोन दोन पायऱ्या चढत होता. अण्णांचे ठसे साडेपाच किलोचे आहेत. ज्याला शंका असेल त्यानं माझ्या जिन्यात येऊन इस्त्री उचलून बघावी."

"तालीम करतो मी, बाई!" परवाशेठ हसला. "दंड बघायचाय? आणि लेखी पुरावा आहे ना. ठसे परवा परत."

"त्याचा अर्थ सांग पुन्हा. सगळ्यांना."

"परवा परत म्हणजे परवा परत केले. देऊन झालं. माझं अक्षर, माझी भाषा, अर्थ मीच सांगणार."

"छान." बाई गर्दीकडे वळल्या. "वाचा."

काल चिठ्ठी नाही म्हणून परत गेलेल्या काकूंनी चष्मा वर केला. चिठ्ठी त्यांना घरी डब्यात सापडली होती. "फोटो परवा परत."

"आरसा परवा परत," न्हावी म्हणाला.

"मोर परवा परत. माझ्या आईनं विणलाय तो. दोन वर्षं झाली."

"आजोबा परवा परत."

एकेक जण वाचत होता आणि गर्दीत हसू वाढत होतं. शेवटी बाईंनी आपली वाचली. "आता सांग. परवा परत म्हणजे देऊन झालं. मग आमचे आजोबा तुझ्या भिंतीवर काय करतायत? सगळ्यांना परत केलेल्या वस्तू तू पुन्हा चोरून आणल्यास का?"

परवाशेठ लाल झाला. "अहो, तो परवा पुढचा! त्या चिठ्ठ्या वस्तू घेताना लिहिलेल्या!"

"आणि अण्णांची?"

"ती मागचा परवा. देऊन झाल्यावर लिहिलेली."

"देऊन झाल्यावर तू कुणाला चिठ्ठी लिहून दिलीयस आजवर? आहे कुणाकडे अशी?"

सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या पुन्हा बघितल्या आणि माना हलवल्या.

"बरं, असेल अपवाद. मग घेतानाची चिठ्ठी वेगळी असणार. सोमवारी दिलीस, बुधवारी परत घेतलीस, काल तूच सांगितलंस. आणि तू चिठ्ठी फाडत नाहीस." बाईंनी तारेकडे बोट केलं. "काढ."

तो हलला नाही. न्हाव्यानं पुढे होऊन तार खिळ्यावरून उतरवली आणि काकूंच्या पदरात चिठ्ठ्या ओतल्या. चार जणांनी मिळून त्या शेवटपर्यंत बघितल्या. फोटो, आरसा, घड्याळ, प्रमाणपत्र, पुन्हा फोटो. ठसे कुठेच नव्हते.

"दोन चिठ्ठ्या असत्या तर एक इथे असती," बाई म्हणाल्या. "एकच लिहिली गेली. सोमवारी, ठसे नेताना. आणि या दुकानाचा नियम असा, की चिठ्ठी ज्याच्या हातात, त्याची वस्तू अजून दुकानात. ती चिठ्ठी काल सकाळी हिच्या हातात होती. तिनं ती दाखवली आणि तू अडकलास, म्हणून तीन शब्द उलटे फिरवलेस. बुधवारची रिकामी पेटी मात्र आधीच ठरवलेली होती. साक्षीदारासकट."

अण्णा दुकानात शिरले. मधला पडदा त्यांनी बाजूला केला. आत शेगडी पेटलेली होती आणि तिच्याशेजारी वडिलांची पेटी उघडी पडली होती. कंपनीच्या मानपत्रांवर अडतीस नावं उमटून झाली होती.

"मी देणारच होतो, अण्णा," परवाशेठ मागून म्हणाला. "एवढं काम उरकलं की..."

"कधी?" कुणीतरी विचारलं.

सवय वाईट. शब्द तोंडातून निघून गेला आणि गल्ली खदखदून हसली. न्हाव्यानं तोवर आरसा भिंतीवरून उतरवला होता. काकूंनी फोटो. आज कुणी थांबणार नव्हतं. बासष्ट नावं राहिली होती, त्यांचं काय करायचं ते परवाशेठनं कंपनीला समजावायचं होतं.

६

अण्णांनी पेटी वर आणली, जिन्यात एकदा टेकून. फळीवर ठेवली. झाकण उघडून प्रत्येक खण बघितला. मग पाठ न वळवताच म्हणाले, "झालं गेलं. बॅग आत ने, सूनबाई."

मुलानं बॅगेला हात घातला. तिनं त्याचा हात बाजूला केला. "तू फोन लावलास. तुझ्याशी नंतर बोलेन."

मग ती अण्णांकडे वळली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

"अण्णा, काल तुम्ही मला चोर म्हणालात ते कुठे उभं राहून?"

अण्णांनी पेटीचं झाकण लावलं.

"गॅलरीत. सगळ्यांनी ऐकलं. आणि परत घेताय ते इथे, कपाटात तोंड घालून."

"घरातलं भांडण..."

"घरातलं होतं, तर घरात करायचं होतं."

खालून भावानं हॉर्न वाजवला. ती बॅगेजवळ उभी होती. उचलतही नव्हती, आत नेतही नव्हती. पूर्ण मिनिट गेलं. बाईंनी ते भिंतीवरच्या घड्याळात मोजलं.

अण्णा बाहेर आले. कठडा दोन्ही हातांनी धरला. खाली माणसं आपापल्या चौकटी काखोटीला मारून हसत निघाली होती.

"ऐका जरा," अण्णा म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "ऐका. काल मी माझ्या सुनेला चोर म्हटलं. ते खोटं होतं. तिनं काही घेतलं नव्हतं. चूक माझी होती."

माणसं थांबली होती. हसू विरलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून विचारलं, "काय म्हणाले? इथे ऐकू आलं नाही!"

अण्णांनी वळून सुनेकडे बघितलं. ती दारात आली होती.

"काल तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं होतं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी मोठा श्वास भरून घेतला, मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.